साच्यातली पवनचक्की: घरी केलेल्या स्पेकुलासचा प्रकरण अभ्यास

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलव्हेनच्या आमच्या घरात स्पेकुलासचा, म्हणजे साच्यात दाबून केलेल्या मसाल्याच्या बिस्किटांचा, पहिला घाणा ओव्हनमधून बाहेर आला, तेव्हा ट्रेवर पवनचक्क्या नव्हत्या, नुसत्या तपकिरी चकत्या होत्या. ट्रे आत सरकवण्यापूर्वी प्रत्येक चक्कीची चारही पाती, पात्यांवरची जाळी आणि पायथ्याचे इवलेसे दार मी डोळ्यांनी पाहिले होते. वीस मिनिटांत ते सारे पुसले गेले आणि साच्यात ९ सेंटिमीटर उंच असलेली आकृती साडेअकरा सेंटिमीटरपर्यंत पसरली. चवीतही उणीव होती. लवंगेचा कडवटपणा जिभेवर राहत होता आणि दालचिनीचा गोड वास मात्र कुठेच नव्हता. शिवाय साच्यात दाबलेल्या सुमारे वीस आकृत्यांपैकी बाराच सुट्या निघाल्या, बाकीच्या लाकडाला चिकटून फाटल्या. एकाच घाण्यात तीन वेगवेगळे दोष आले होते. ५ डिसेंबरच्या सणाच्या आत ते एकेक करून शोधावे, असे ठरवले आणि पुढचे तीन आठवडे केलेल्या प्रयोगांची नोंद ठेवली. त्या नोंदीवरून हे लिहीत आहे.

ज्यांनी हे बिस्किट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख द्यायला हवी. स्पेकुलास हे नेदरलँड्सचे मसाल्याचे बिस्किट असून ते सिंटरक्लासच्या, म्हणजे संत निकोलसच्या सणाशी जोडलेले आहे. डच घरांत ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी उघडल्या जातात, तर शेजारच्या बेल्जियममध्ये मुले ६ तारखेच्या सकाळची वाट पाहतात. बेल्जियममधले स्पेकुलूस हे याच घराण्यातले असले तरी त्यात मसाला कमी आणि जळक्या साखरेची चव अधिक असते, आणि कॉफीसोबत मिळणारे पातळ बिस्किट बहुधा तेच असते. डच स्पेकुलासमध्ये दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ, वेलदोडा आणि पांढरी मिरी असा भरगच्च मसाला पडतो, काही घरांत त्यात धणे, बडीशेपेच्या जातीचे ॲनिस किंवा जायपत्रीही असते. पीठ कोरीव लाकडी फळीत दाबून त्यावर आकृती उठवतात. नावाच्या उगमाबद्दल एकमत नाही. कोणी ते लॅटिनमधल्या आरसा या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, कोणी मसाला या अर्थाच्या शब्दाशी, तर कोणी बिशपच्या एका उपाधीशी. फळीवरची आकृती उलटी कोरलेली असते आणि बिस्किटावर ती सुलटी उमटते, हे हाताळून पाहिल्यावर आरशाची व्युत्पत्ती मनाला पटते, पण मनाला पटणे हा काही पुरावा नव्हे.

हा मसाला या थंड देशात कुठून आला, हे आमच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांच्या गावात डचांनी १६३७ साली घातलेल्या वखारीची पडकी वास्तू आजही उभी आहे. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ मध्ये बांदा बेटांवर भयंकर कत्तल करून जायफळाचा व्यापार मुठीत घेतला, १६५६ मध्ये कोलंबो घेऊन सिलोनच्या दालचिनीवर ताबा मिळवला आणि १६६३ मध्ये पोर्तुगिजांकडून कोची जिंकून मलबारच्या मिरीपर्यंत हात पोहोचवला. स्पेकुलासच्या चमचाभर मसाल्यात हा सगळा नकाशा आहे. बांदाच्या लोकांनी त्याची काय किंमत मोजली, हे मुलांना बिस्किट हातात देतानाच सांगावे, असे मला वाटते आणि आम्ही ते सांगतो.

आता मूळ प्रकरणाकडे वळते. पहिल्या घाण्यात मी नेमके काय केले होते, ते आधी मांडते. साचा २७ एप्रिलच्या राजदिनी रस्त्यावर भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून घेतलेला होता. फळीवर पवनचक्की, कोंबडा आणि हातात दंड घेतलेला बिशप अशा तीन आकृत्या होत्या. लाकडावर वॉर्निश नव्हते, ही गोष्ट घेतानाच तपासली होती, कारण भिंतीवर टांगण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक फळ्यांवर चकचकीत लेप असतो आणि त्यांचे कोरीवकामही उथळ असते. अशा फळ्या पीठ दाबण्याच्या कामाच्या नसतात. पीठ २५० ग्रॅम, लोणी १२५ ग्रॅम, गडद तपकिरी साखर १५० ग्रॅम, चमचाभर मसाला, चिमूटभर मीठ, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा आणि लागेल तसे दूध. लोणी मऊ करून साखरेबरोबर फेसले, पीठ घालून पोळीच्या कणकेसारखे चांगले मळले, साच्याला तुपाचे बोट लावले, पीठ दाबले, काढले आणि लगेच १८० अंशांवर भाजले. एकेक कृती पाहिली तर प्रत्येकीमागे कुठल्या ना कुठल्या पदार्थाची खरी सवय आहे. फेसणे केकचे, मळणे पोळीचे आणि तुपाचे बोट मोदकाच्या साच्याचे.

पहिला संशय पिठावर होता आणि तो खरा ठरला. मी वापरलेल्या पुड्यावर डच भाषेत 'झेल्फराइझेंड' असा शब्द होता. त्याचा अर्थ आपोआप फुगणारे, म्हणजे ज्यात फुगवण्याची पूड आधीच मिसळलेली आहे असे पीठ. साधा मैदा इथे 'टार्वेब्लूम' या नावाने मिळतो आणि दोन्ही पुडे दुकानात शेजारीशेजारी असतात. फुगणाऱ्या पिठाने केलेले स्पेकुलास चूक नसते. हाताने तोडून खायच्या जाड लादीसाठी किंवा क्राउडनोटन या छोट्या गोल बिस्किटांसाठी अनेक डच घरांत तेच वापरतात. पण त्या प्रकारांना आकृती नसते. आत तयार होणारा वायू पीठ वर उचलतो, तेव्हा साच्याने उठवलेल्या रेघाही ताणल्या जाऊन बुजतात. त्यात मी आणखी सोडा घातला होता. सोडा नुसता फुगवत नाही, त्याच्या क्षारपणामुळे पीठ घट्ट व्हायला उशीर लागतो, त्या अवधीत ते अधिक पसरते आणि रंगही लवकर गडद होतो. कुरकुरीत, हलके बिस्किट करायचे तर हे सारे गुणच आहेत, पवनचक्कीसाठी मात्र तेच दोष ठरतात. साच्यात घालायचे पीठ ओव्हनमध्ये जाईपर्यंतच नव्हे, ओव्हनमध्येही जिथल्या तिथे राहिले पाहिजे. बाकीचे सगळे उपाय मी या एका कसोटीवर तपासले.

दुसऱ्या घाण्यात फक्त पीठ बदलले आणि सोडा पूर्ण वगळला, बाकी काहीही बदलले नाही. एका वेळी एकाच दोषावर उपाय करायचा, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला, नाहीतर कशामुळे काय सुधारले ते कळत नाही. आकृती १० सेंटिमीटरवर थांबली आणि पाती ओळखू येऊ लागली, पण बिस्किट दगडासारखे झाले. मुलीने ते दाताखाली धरले आणि परत ताटलीत ठेवले. म्हणजे दोष एका बाजूने कमी होऊन दुसऱ्या बाजूने वाढला होता, आणि इथे बराच वेळ मी अडले.

ही अडचण सासूबाईंनी सोडवली. त्या हिवाळ्यासाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून माझे चाललेले पाहत होत्या. मी पीठ मळायला घेतले तशा त्या म्हणाल्या, "मळू नको गो, नुसता गोळा कर." मग स्वतः उठल्या, थंड लोण्याचे सुरीने बारीक तुकडे केले, ते कोरड्या मैद्यात टाकले आणि दोन्ही हातांच्या बोटांनी करंजीचे मोहन चोळावे तसे चोळू लागल्या. तीनचार मिनिटांनी त्यांनी मूठभर पीठ दाबून माझ्यासमोर धरले. मुटका वळला होता, आणि बोटाने जरा टोचताच तो भुगा होऊन पडला. "आता साखर घाल, दूध दोन चमच्यांवर घालू नको."

त्या कृतीत जे घडते ते असे. मैद्याला पाणी मिळून तो मळला गेला की त्यातल्या प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवेच असते, बिस्किटात मात्र त्यामुळे कठीणपणा येतो, आणि ताणलेले पीठ साच्यातून सुटल्यावर आकसते, त्यामुळे आकृती वेडीवाकडी होते. लोणी आधी चोळले की पिठाच्या कणांवर स्निग्धाचा थर बसतो, पाणी आत शिरायला अडथळा होतो आणि ते जाळे पुरते जमत नाही. बिस्किट खुसखुशीत होते, आणि त्यासाठी फुगवण्याच्या पुडीची फारशी गरज उरत नाही. माझ्या हाताला मोहनाची ही रीत करंजीपुरती ठाऊक होती. ती इथे लावायची हे सुचले नाही, कारण डच पदार्थ म्हटल्यावर मी मनाने फेसण्याच्या रीतीकडे गेले. तिसऱ्या घाण्यात मोहन चोळले आणि अगदी चिमूटभर, पाव लहान चमच्याहून कमी, सोडा परत आणला. बिस्किट टणक पण खुसखुशीत झाले, तुटताना टक् असा आवाज येऊ लागला. मला हाच पोत हवा होता.

तरीही आकृती पावणेदहा सेंटिमीटरवर होती. उरलेला पसरटपणा लोण्याचा होता. लोणी शरीराच्या उष्णतेच्या आसपासच वितळते आणि पीठ घट्ट होण्याआधी बराच काळ ते पातळ राहते. साखरही विरघळून त्याच्याबरोबर वाहते. त्यामुळे चौथ्या घाण्यात दोन विसाव्यांची भर घातली. पिठाचा गोळा झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, आणि साच्यातून काढलेल्या आकृत्या ट्रेसकट अर्धा तास पुन्हा थंड करूनच भाजल्या. आता उंची ९ सेंटिमीटर आणि वर जेमतेम दोन मिलिमीटर. पात्यांवरची जाळी मोजता येत होती. रात्रभराच्या विसाव्याने आणखी एक गोष्ट साधते. मसाल्याचा सुवास मुख्यत्वे स्निग्धात उतरतो आणि त्याला वेळ लागतो. त्यामुळे त्याच दिवशी भाजलेल्या बिस्किटापेक्षा दुसऱ्या दिवशीच्याची चव सरस लागते. घाई असेल तर थोडा पसरटपणा चालवून घ्यावा, पण हा विसावा गाळू नये, असे माझे मत आहे.

साचा चिकटण्याचे कारण तूप हे होते. मोदकाच्या साच्याची उकड ओलसर आणि घट्ट असते, साचा गुळगुळीत असतो, तिथे तुपाचे बोट योग्यच. लाकडाच्या बारीक खाचांत मात्र तूप साचते, त्याला पीठ धरते आणि दोनतीन आकृत्यांनंतर खाचा भरून लाकूड सपाट होते. इथले जुने लोक फळीवर तांदळाची पिठी भुरभुरतात आणि उलटी आपटून जास्तीची झाडून टाकतात. गव्हाचे पीठ ओलावा शोषून चिकट होते, तांदळाची पिठी कोरडी राहते. पिठी आमच्या घरात मोदकांसाठी बाराही महिने असते, ती हाताशी असताना मी तूप लावले याची मला हळहळ वाटली. भरलेल्या खाचा मऊ दात-ब्रशने आणि लाकडी काडीने कोरड्याच साफ केल्या. अशी फळी पाण्यात भिजवू नये, ती तडकते किंवा वाकते. पीठ दाबताना अंगठ्याने मधून कडेकडे जावे, वरचे जास्तीचे पीठ ताणलेल्या दोऱ्याने फळीलगत कापावे, मग फळी उलटी धरून कड ओट्यावर एकदाच ठामपणे आपटावी. हळूहळू ठोकत राहिल्यास आकृती अर्धवट सुटते आणि तिथेच तुटते.

आता मसाला. या दोषाचे मूळही माझ्या सवयीतच सापडले. दालचिनी, लवंग, वेलदोडे मी गरम मसाल्यासाठी भाजावेत तसे कोरडे भाजून मग कुटले होते. भाजीच्या रस्सात तो मसाला पुढे थोडाच वेळ शिजतो, पण बिस्किटात तो पुन्हा वीस मिनिटे कोरड्या उष्णतेत राहतो. दोनदा भाजल्यामुळे हलका, गोड सुवास उडून गेला आणि लवंगेचा जडपणा तेवढा मागे राहिला. त्यानंतर सगळे जिन्नस कच्चेच दळले. दालचिनी २० ग्रॅम, जायफळ ५, लवंग ४, आणि सुंठ, वेलदोड्याचे दाणे व पांढरी मिरी प्रत्येकी अडीच ग्रॅम. प्रचलित प्रमाणात लवंग आणि जायफळ समसमान असतात, पण घरी ताजी दळलेली लवंग पुडीतल्यापेक्षा उग्र असते, म्हणून ती एका ग्रॅमने कमी घेतली. जायफळ बारीक किसणीवर किसावे. दळलेली पूड वस्त्रगाळ करावी, कारण दालचिनीच्या सालीचे कण जाडसर राहिले तर खाताना रवाळ लागतात आणि पात्यांच्या पातळ रेघांत अडकून त्या मोडतात. २५० ग्रॅम पिठाला या पुडीचे १० ग्रॅम पुरतात.

दालचिनीविषयी एक उपकथन इथेच सांगून टाकते. बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुधा कॅसिया असते. सिलोनची खरी दालचिनी कागदासारख्या पातळ पदरांची गुंडाळी असते आणि बोटांनी चुरते. कॅसियात कूमारिन नावाचे द्रव्य बरेच जास्त असते आणि ते फार प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला बाधते. म्हणूनच युरोपीय संघाच्या नियमांत, लेबलावर दालचिनीचा उल्लेख असलेल्या पारंपरिक व सणासुदीच्या भाजलेल्या पदार्थांसाठी किलोला ५० मिलिग्रॅम अशी कूमारिनची मर्यादा घातलेली आहे. सणापुरत्या दोनचार बिस्किटांनी काही होत नाही. तरी लहान मुले डब्यात हात घालून आठवडाभर खाणार असतील तर सिलोनची दालचिनी वापरावी. तिचा वास सौम्य असतो, म्हणून ती २० ऐवजी २२ ग्रॅम घेतली तर बरे.

भाजण्याबाबत थोडक्यात. १८० अंश जास्त ठरले, कडा करपत आणि मध्य मऊ राही. १६५ अंशांवर वीस ते बावीस मिनिटे हे माझ्या ओव्हनला आणि सहा मिलिमीटर जाडीला जमले. पीठ मुळातच तपकिरी असल्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही. एक बिस्किट उचलून खालची बाजू पाहावी, ती कडेपासून आतपर्यंत सारखी झाली असेल तर ट्रे काढावा. गरम असताना बिस्किट मऊच लागते. चिक्कीसारखी त्यातली साखर थंड होताना घट्ट होते, म्हणून मऊ लागले तरी परत आत ढकलू नये. दुसऱ्या घाण्याच्या दगडात या चुकीचाही वाटा होता, असे आता वाटते.

पुण्यात किंवा नाशिकला कोणी हे करणार असेल तर तीन गोष्टी बदलतात. इथली तपकिरी साखर, 'बास्टर्डसाउकर', बारीक दाण्याची आणि ओलसर असते, कारण तिच्यात इन्व्हर्ट शुगरचा, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फोडलेल्या साखरेचा, पाक मिसळलेला असतो. तिकडे मऊ तपकिरी साखर मिक्सरमधून एकदा फिरवून तिच्यात मोठा चमचाभर काकवी चोळली तर खूप जवळचा परिणाम मिळतो, मात्र मग दूध एकाच चमच्यावर आणावे. लोणी पुड्यातले खारे असेल तर वेगळे मीठ घालू नये. आणि तीस अंशांच्या स्वयंपाकघरात मोहन चोळतानाच लोणी पाघळते. तिथे मैदा आणि परातही आधी फ्रिजमध्ये ठेवावी, आणि आकृत्या थंड करण्याचा वेळ दुप्पट करावा. छोट्या ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, तेव्हा ट्रे खालच्या खाचेत असलेला बरा.

एक गोष्ट अजूनही सुटलेली नाही. बिशपच्या हातातला दंड काडीएवढा पातळ आहे आणि फळी आपटताना तो दर तीन आकृत्यांमागे एकदा तरी तुटतो. पीठ अधिक थंड करून पाहिले तर ते खाचेत नीट बसत नाही, मऊ ठेवले तर सुटत नाही. सध्या त्या खाचेपुरती पिठी दुबार भुरभुरते, त्याने थोडा फरक पडला आहे.

५ डिसेंबरच्या दुपारी चौथ्या कृतीने केलेल्या चोवीस पवनचक्क्या पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि डबा समोरच्या घरातल्या वृद्ध डच बाईंकडे नेला. आमची मुलगी त्यांना ओमा, म्हणजे आजी म्हणते. त्यांनी एक बिस्किट उचलले, खिडकीच्या उजेडात धरून पात्यांवरून बोट फिरवले, मग उलटे करून खालची बाजू पाहिली आणि कानाजवळ नेऊन मोडले. बराच वेळ चघळून म्हणाल्या की भाजणी बरोबर आहे, त्यांच्या आईच्या स्पेकुलासमध्ये लवंग याहून थोडी कमी असे. घरी येऊन वहीत लवंगेपुढचे ४ खोडून ३ केले.